किंग काँगचे खरे रिमेक किती, आणि आधी कोणता पाहावा?

रिमेक दोनच, १९७६चा आणि २००५चा. पण सुरुवात १९३३च्या मूळ कृष्णधवल चित्रपटापासूनच करा. तिन्ही पाहून सांगतोय. मूळ चित्रपटात स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या विलिस ओब्रायन यांनी सशाची फर चढवलेली छोटी बाहुली फ्रेमगणिक किंचित हलवून महाकाय वानर काँग उभा केला. नीट पाहिलं तर बाहुली सतत हाताळल्यामुळे त्याचे केस थरथरताना दिसतात, आणि गंमत म्हणजे त्यानेच तो जिवंत वाटतो. १९७६मध्ये बहुतेक ठिकाणी सूट घातलेला माणूस आहे, शेवटही न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीऐवजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवर. दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा २००५चा देखणा आहे, पण तीन तासांहून लांब. २०१७चा ‘स्कल आयलंड’ मात्र रिमेक नव्हे. त्यात काँग न्यूयॉर्कला जातच नाही.