कोब्यातल्या बारीक भेगा: रुंदीच्या आधी पातळी बघा

तळमजल्याचा कोबा होऊन वर्ष झालंय, हॉलमध्ये केसासारख्या भेगा दिसतायत, मिस्त्री म्हणतो काही होत नाही आणि तुम्हाला वर टाइल्स बसवायच्या आहेत. मिस्त्रीचं बहुधा बरोबर असेल, पण तपासून घ्या.

भेग किती रुंद आहे हे सगळे आधी विचारतात. साइटवर मी आधी भेगेवर आडवं नख फिरवतो. दोन्ही कडा एका पातळीत असतील तर बहुतेक वेळा काँक्रीट वाळताना आकसलंय, एवढंच. मालात पाणी जास्त पडलं, भर उन्हात काम झालं आणि नंतर पाणी मारायचा कंटाळा केला की असं होणारच. मोठ्या खोलीत जोड न ठेवता सलग कोबा केला तरी होतं. अशा भेगा बऱ्याचदा कॉलमच्या नाहीतर चौकटीच्या कोपऱ्यातून निघतात.

नख अडकलं, म्हणजे एक बाजू खाली गेली असेल, तर खालचा भराव बसतोय असं समजा. आपल्याकडे जोत्यात माती ढकलतात, थराथराने धुमस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट दाबायचं, मात्र राहून जातं. भेगेच्या दोन्ही बाजूंना हातोडीने हलकं ठोकून बघा. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथे कोब्याखाली पोकळी असू शकते.

रुंदीसाठी वेगळं साधन नको. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, एटीएम कार्ड ०.७६ मिमी. भेगेत कार्ड शिरत असेल तर तिच्याकडे लक्ष ठेवा. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख टाका. घर काळ्या मातीवर असेल तर मे महिन्यात आणि भर पावसाळ्यात असं दोनदा मोजा, कारण ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एकदाच बघून काही कळत नाही.

जमिनीवरचा कोबा घराचा भार घेत नाही, तो भिंती-कॉलममधून पायात जातो. त्यामुळे खरी काळजी भिंतीची. तीच रेघ भिंतीवर चढली असेल, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा तडा गेला असेल किंवा दारं अचानक घासायला लागली असतील तर मिस्त्री नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वरच्या मजल्यावरच्या भेगांना यातलं काही लावू नका. तिथे खालून छत बघायचं, आणि गंजाचे डाग किंवा फुगलेलं प्लास्टर दिसलं तर अजिबात थांबू नका.

नुसतं सिमेंट कालवून भेगेत घासू नका, ते सुटून येतं. भेग वाढत नसेल तर थोडी खरवडून, धूळ काढून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा माल) भरा. टाइल्स एक पावसाळा गेल्यावरच बसवा. भराव बसत असेल तर मात्र तेवढा कोबा फोडून, मुरूम नीट ठोकून घेतल्याशिवाय टाइल्सवर पैसे घालू नका.