एखादं रॉक गाणं ऐकताच जुनी जागा, जुना काळ डोळ्यांसमोर का उभा राहतो? तुमचं असं गाणं कोणतं?

माझं गाणं पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर', १९७५ सालचं. सुरुवातीला रेडिओची खरखर, स्टेशन बदलल्याचे आवाज, मग लांबून आल्यासारखी बारा तारांची गिटार. कोणीतरी खोकतं (तो खोकला मला आता पाठ आहे), आणि दुसरी गिटार अगदी कानाशी वाजू लागते. तेवढ्यात मी थेट हॉस्टेलच्या खोलीत पोहोचतो. रात्रीचे दोन, खिडकीची काच थंडगार, एकच इअरफोन आणि तो दोघांत वाटून घेतलेला. डावा कान माझा, उजवा मित्राचा. तो मित्र आता नाही. गाण्याचं नाव म्हणूनच जास्त लागतं. बँडनेही ते बरंचसं आपल्या दुरावलेल्या जुन्या साथीदारासाठी, सिड बॅरेटसाठी केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण म्हणाल तर, साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला सर्वात ठळक राहतात आणि गाणीही आपण त्याच वयात वेड्यासारखी ऐकतो. एकच गाणं महिनोन्महिने वाजलं की ती खोली, तो उजेड, ती माणसं त्याला चिकटून बसतात. मात्र रोज ऐकत राहिलं तर नव्या दिवसांचे थर चढतात आणि जुनी खोली पुसट होते, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी ते वर्षातून दोनतीनदाच लावतो, दिवा मालवून.