'सोलापूर मध्ये' की 'सोलापूरमध्ये'? आणि पूर्णविरामाच्या आधीची ती मोकळी जागा

प्रश्न असा आहे. नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानाचं व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम वगैरे बघणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की मालक म्हणतेत 'सोलापूर मध्ये' असं तोडून लिही, वाचायला मोकळं वाटतं, आणि शाळेतल्या मराठीच्या मॅडम तर जोडून लिहायला लावायच्या, मग खरं काय? दुसरं म्हणजे वाक्य संपल्यावर 'आहे .' असं एक स्पेस सोडून टिंब द्यायचं का चिकटवून? नमुना म्हणून त्यांनी गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांतली एक जाहिरात पण दिलीय: "सोलापूर मध्ये प्रथमच ! संक्रांती निमित्त साड्यां वर ३० टक्के पर्यंत सूट .लवकर या"

दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात पण माझ्या मते उत्तर एकच आहे, ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही ते डावीकडच्याला टेकून उभं राहतं. मध्ये, वर, साठी, पर्यंत, निमित्त, मुळे हे शब्दयोगी असले की आधीच्या शब्दाला टेकतात, आणि पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह हे पण तसेच टेकतात. डाव्या बाजूला जागा नाही, उजव्या बाजूला एक जागा. मॅडम बरोबर होत्या.

आता मालकांना पटवायचं कसं. त्यांना म्हणावं 'साड्यां वर' मधला 'साड्यां' हा शब्द एकटा कुठं वापरून दाखवा. नाही दाखवता येणार, कारण तो पूर्ण शब्दच नाहीये, ते साड्या ह्या शब्दाचं सामान्यरूप आहे, म्हणजे पुढं काहीतरी चिकटणार म्हणून शब्दाने आधीच बदललेलं अंग. 'घरा समोर' मधला 'घरा', 'वडिलां सारखा' मधला 'वडिलां' पण तसलेच. शब्द निम्म्यात सोडून स्पेसबार दाबल्यासारखं आहे ते. फसायला होतं ते 'सोलापूर मध्ये', 'फोन वर', 'बस मध्ये' असल्या ठिकाणी, कारण तिथं आधीचा शब्द बदललेला दिसत नाही म्हणून तुटलेलं खटकत नाही, पण नियम तोच.

आणि जागा सोडल्याने नुसतं दिसणं बिघडतं असं नाही, अर्थ पण पलटतो बरं का. 'तोही गाडी घेईल' म्हणजे बाकीच्यांसारखा तो पण घेणार, आणि 'तो ही गाडी घेईल' म्हणजे समोर उभी आहे ती गाडी घेणार. 'तो वडिलांसारखा चिडतो' आणि 'तो सारखा चिडतो' ह्यात सारखा एकच दिसतोय पण एकात तुलना आहे आणि एकात बिचाऱ्याचं रोजचंच आहे. 'पण' चं तर उलटंच, ते सुटंच पाहिजे, 'मी पण सोडा पितो' ठीक, पण 'मीपण सोडा' म्हटलं की एकदम कीर्तन सुरू होतं! माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे 'बाबांच्या साठीसाठी हॉल बुक केलाय', ह्यातली पहिली साठी वयाची आणि दुसरी टेकलेली, आणि 'साठी साठी' असं तोडून लिहिलं तर वाचणारा बोट चुकून दोनदा दाबलं गेलं असंच समजणार.

मग ही तोडायची सवय आली कुठनं? मला वाटतं थोडी हिंदीतनं आणि थोडी मोबाईलमधनं. हिंदीत 'सोलापुर में', 'राम ने', 'घर के सामने' असं नामापासून सुटंच लिहितात, कंपन्यांचे मेसेज आधी हिंदीत येतात आणि मग शब्दाला शब्द ठेवून मराठी होतात, त्यात हिंदीची जागा पण तशीच राहते. मोबाईलमध्ये आपण 'सोला' एवढं टाईप केलं की वर 'सोलापूर' येतं, त्यावर बोट ठेवलं की पुढचं स्पेस कीबोर्ड स्वतःच टाकतोय, मग 'मध्ये' लांबच पडणार. बॅकस्पेस एकदा दाबायचा, एवढंच. गंमत म्हणजे आपल्या सोलापुरात ज्यांच्या घरी कन्नड बोलतेत त्यांना हे सांगावंच लागू नये, कन्नडमध्ये 'सोल्लापुरदल्लि' हा एकच अखंड शब्द आहे, शहराच्या पूर्व भागात बोलतात त्या तेलुगूत पण 'लो' मागच्या शब्दाला चिकटूनच येतो. ह्या बाबतीत मराठीचं हिंदीपेक्षा ह्या शेजाऱ्यांशी जास्त जुळतं.

पूर्णविरामाचं थोडं वेगळं आहे. ही चिन्हं आपल्याकडं इंग्रजीतनं आली. जुन्या मोडी कागदात तर आधी ओळभर रेघ मारायची आणि खाली अक्षरं लिहीत जायची, दोन शब्दांत जागा सुद्धा नाही, टिंब कुठलं आलंय. इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडींनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ह्या चिन्हांची मराठीत घडी बसवली. हिंदीने उभा दंड ठेवला, आपण गद्यात टिंब घेतलं, दंड राहिले ते ओव्या-अभंगात. हिंदीत दंडाच्या आधी जागा सोडलेली बऱ्याचदा दिसते, कारण अगदी चिकटवला तर तो काना वाटू शकतो, ते मी समजू शकतो. टिंबाला तसली काही अडचण नाही. उलट आधी जागा सोडली की मोबाईलच्या अरुंद स्क्रीनवर ओळ नेमकी तिथंच मोडते आणि टिंब किंवा उद्गारचिन्ह बिचारं एकटंच खालच्या ओळीच्या सुरवातीला येऊन बसतं. कंसाचं पण असंच, बाहेर जागा, आत नाही. आणि व्हॉट्सॲपवर ठळक अक्षरासाठी दोन बाजूला चांदणी (*) देता ना, ती पण शब्दाला चिकटून पाहिजे, आत स्पेस गेलं की अक्षर ठळक होत नाही, नुसत्या चांदण्या दिसतात.

आकड्यांपुढं मात्र मी ताणत नाही. '२०२५मध्ये' आणि '२०२५ मध्ये' दोन्ही छापलेलं सापडतं, आकड्याला वर शिरोरेषा नाही म्हणून जोडलेलं डोळ्याला विचित्र दिसतं, मी सरळ '२०२५ साली' लिहून मोकळा होतो. 'दुकानाच्या समोर' की 'दुकानाच्यासमोर' ह्यावर पण छापणाऱ्यांचं एकमत नाही, तिथं 'दुकानासमोर' लिहा, भांडणच मिटलं.

मालकांचं मोकळं दिसण्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, लांब शब्द बोर्डावर अंगावर येतो हे खरं, पण त्यावर उपाय तोडणं नाही, आखूड रूप घेणं. 'सोलापूरमध्ये' लांब वाटत असेल तर 'सोलापुरात' लिहा. इथं 'पु' ऱ्हस्व झाला हे बघून घ्या, १९६२ आणि १९७२ च्या मिळून शुद्धलेखनाच्या १८ शासनमान्य नियमांप्रमाणं गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, पण सामान्यरूप झालं की ऱ्हस्व, म्हणून सोलापूर आणि सोलापूरकर, पण सोलापुरात. सोलापुरी चादरीतला पण ऱ्हस्वच.

एक आगाऊ सांगतो, दुकानाचं लिखाण तुमचं काम आहे, तिथं टाईट राहा, पण नात्यातल्या ग्रुपवर कुणी दुःखाची बातमी 'काकां चे निधन झाले .' अशी टाकली तर तिथं स्पेस मोजायला जाऊ नका बे, नुसतं भेटून या.

तुमची जाहिरात अशी होईल: "सोलापुरात प्रथमच! संक्रांतीनिमित्त साड्यांवर ३० टक्क्यांपर्यंत सूट. लवकर या." 'टक्के पर्यंत' चं 'टक्क्यांपर्यंत' झालंय ते पण बघा, जोडायला गेलं की सामान्यरूप आपोआप आठवतं, तोडून लिहिताना ते विसरायला होतं. मालक तरी नाहीच म्हटले तर फ्लेक्सवर दोन्ही ओळी शेजारी लावून दाखवा, 'सोलापुरात' ला एक अक्षर आणि एक जागा कमी लागते, तेवढ्यात सूटचा आकडा अजून मोठा बसेल.