किरायदार बसलेलं घर घ्यायचं का? आधी रिकामं करून घ्या, मग रजिस्ट्री

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की रिटायरमेंटचे पैसे आलेत, दारव्ह्यात (यवतमाळ जिल्हा) एक जुनं चार खोल्यांचं घर १८ लाखात मिळतंय, दुरुस्ती करून नोकरीवाल्यांना किरायानं द्यायचं. पण मागच्या दोन खोल्यांत नऊ वर्षांपासून एक कुटुंब राहतंय, किराया १२०० रुपये, लेखी काहीच नाही, लाईटचं मीटरही त्याच्याच नावावर. घरमालक म्हणतो रजिस्ट्री करून घ्या, त्याला मी महिन्याभरात काढून देतो, आणि टोकन म्हणून ५० हजार रोख मागतो.

करू नका. म्हणजे घर घेऊ नका असं नाही म्हणत, या पद्धतीनं घेऊ नका.

रजिस्ट्री झाली की विकणारा मोकळा आणि त्या किरायदाराचे मालक तुम्ही. कायद्यानं तो जसाच्या तसा तुमच्या गळ्यात येतो, त्याच किरायात. आपल्याकडं आधी सीपी अँड बेरारचा (म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडचा) १९४९ चा रेंट कंट्रोल ऑर्डर होता, आता त्या सगळ्या भागाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागतो, आणि त्यात किराया नियमित देणाऱ्याला मालकाची मर्जी झाली म्हणून काढता येत नाही. कारण लागतं. किराया थकला असेल तरी आधी नोटीस, मग ९० दिवस थांबा, त्यात त्यानं भरून टाकला तर विषय संपला. स्वतःला राहायला पाहिजे हे कारण चालतं, पण तुम्हाला तर दुसऱ्याला जास्त किरायानं द्यायचंय, ते कोर्टात कसं सांगणार? आणि किराया वाढवायचा तर कायद्यानं वर्षाला ४ टक्के, म्हणजे १२०० वर ४८ रुपये. १८ लाख गुंतवून ४८ रुपये वाढ, पाहा बाप्पा परवडते का.

ते मीटरचं तुम्ही जास्तच मनावर घेतलंय. महावितरणचं बिल, राशन कार्ड, आधारवरचा पत्ता, यानं कोणी घराचा मालक होत नाही, आणि बारा वर्षं राहिला की घर त्याचं हे जे चावडीवर सांगतात ते किरायदाराला लागू नाही, तो मालकाच्या परवानगीनं राहतोय. मीटरमुळं फक्त एवढं सिद्ध होतं की तो तिथं खरंच राहतो.

घरमालकाचा दुसरा सल्ला, लाईट-पाणी तोडलं की आपोआप जातो, तो तर कानावरच घेऊ नका. पाणी-लाईट तोडणं हा याच कायद्यात गुन्हा आहे. कुलूप लावून बाहेर काढलं तर किरायदार सहा महिन्यांच्या आत दावा टाकून कब्जा परत मागू शकतो, मालकी कोणाची हे तिथं कोर्ट पाहतही नाही.

मग करायचं काय, तर इसारपत्र (सौद्याचा आगाऊ करार) लेखी करा, त्यात साफ लिहा की पूर्ण घराचा रिकामा कब्जा दिल्यावरच रजिस्ट्री आणि बाकी रक्कम, अमुक तारखेपर्यंत नाही दिला तर इसार परत. पैसे चेकनं किंवा आरटीजीएसनं. किरायदाराला काही रक्कम देऊन काढायचं असेल तर ती विकणाऱ्यानं द्यावी (माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त रस्ता, दिवाणी कोर्टाच्या तारखांपेक्षा नक्कीच), आणि जाताना त्याच्याकडून दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावं की खोल्या रिकाम्या करून चाबी दिली, काही हक्क राहिला नाही. तुम्ही स्वतः जाऊन खोल्या उघडून पाहा, नुसत्या कागदावर जाऊ नका.

सर्च रिपोर्ट, म्हणजे या घराचे आधीचे व्यवहार आणि बोजा तपासल्याचा अहवाल, काढाच. नगरपरिषदेची टॅक्स पावती म्हणजे मालकी नव्हे, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहा, त्यावर नझूल लीज, म्हणजे भाडेपट्ट्यानं दिलेली सरकारी जागा, असेल तर मुदत संपलीये का, विक्रीला परवानगी लागते का, ते इसाराच्या आधी.

पुढं तुमचे किरायदार ठेवाल तेव्हा ११ महिन्यांचा कागद नोटरीवर केला की झालं असं समजू नका. लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार) ११ महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची. नाही केलं तर किरायदार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, वरून ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खर्च काही फार नाही, स्टॅम्प ड्युटी एकूण किरायाच्या पाव टक्का. ४५०० किराया, १० हजार डिपॉझिट धरलं तर स्टॅम्पचे शे-दोनशे आणि शहरी हद्दीत रजिस्ट्रेशनचे हजार, ऑनलाईन होते. फायदा असा की मुदत संपून तो निघाला नाही तर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडं (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) सरळ अर्ज करता येतो, आणि तोपर्यंत दुप्पट किराया मागता येतो.

५० हजार रोख टोकन देऊ नका. इसाराचा मसुदा तयार झाला की सही करायच्या आधी आखीव पत्रिकेसोबत पाठवा, पाहून सांगतो.