बंदिस्त ॲप स्टोअर म्हणजे मुक्त बाजार की ग्राहकाची अडवणूक?

माझ्या मते अडवणूकच. "नको तर दुसरा फोन घ्या, बाजार मोकळाच आहे" हा युक्तिवाद फोन विकत घेईपर्यंतच खरा. बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानात उभं असताना निवड आपली असते. एकदा आयफोन घेतला की भारतात ॲपसाठी ॲपलचं एकच दुकान. फोटो, विकत घेतलेली ॲप्स, सवयी सोडून कोण सारखा फोन बदलणार?

अँड्रॉइड त्यामानाने मोकळं आहे की हो. 2024 पासून फोनपेचं इंडस ॲपस्टोअर आहे, त्यात मराठी आहे आणि कन्नडही. बेळगाव-खानापूरकडच्या घरांत दोन्ही लागतात. पण स्टोअरच्या बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, टाकायला गेलं की फोन असा इशारा दाखवतो, की माझी आई तिथूनच मागं फिरते.

आता पैसे. डिजिटल विक्रीवर ॲपल-गुगलचं कमिशन 30 टक्क्यांपर्यंत, लहान ॲपवाल्यांना 15. निपाणीच्या एखाद्या मास्तरांनी दहावीच्या सरावाचं ॲप 100 रुपयांना ठेवलं तर 15 रुपये तिकडं. त्याहून वाईट म्हणजे ॲपमधले पैसे स्टोअरच्याच खिडकीवर भरा ही सक्ती. प्ले स्टोअरवरच्या अशा सक्तीवरूनच भारताच्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 936 कोटींचा दंड केला. अपिलात 2025 साली तो सुमारे 216 कोटींवर आला. युरोपात मार्च 2024 पासून आयफोनवर इतर स्टोअर चालतात.

बनावट कर्ज-ॲप्सची भीती खरी आहे, तपासणी हवीच. पण त्यासाठी दुकान एकच कशाला? ॲपलच्याच मॅक संगणकावर बाहेरून सॉफ्टवेअर घेता येतं आणि तेही कंपनीकडून तपासून येऊ शकतं.