नावडती लेआ आणि अकरावे स्तोत्र

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर सगळे चहाकडे वळले, तरी तू बाकावरच बसून राहिलास आणि ‘देव प्रीती आहे’ म्हणणाऱ्या शास्त्रात याकोबाच्या जुळ्या भावाबद्दल ‘एसावाचा द्वेष केला’ असे देवच म्हणतो, हे कसे, असे मला विचारलेस. प्रार्थना कर, एवढे सांगून मी तुझी बोळवण करणार नाही. ती तू करतोसच.

वचन कोणाला सांगितले आहे, हे आधी बघ. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 9व्या अध्यायात ते मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतले आहे. मलाखीत ‘तू आमच्यावर कशात प्रीती केलीस?’ अशी कुरकुर करणाऱ्या याकोबाच्या वंशजांना ते उत्तर म्हणून मिळते, आणि आंधळी-लंगडी जनावरे वेदीवर आणल्याबद्दल याच लाडक्यांची त्याच अध्यायात खरडपट्टी निघते.

मग शब्दाकडे ये. उत्पत्ती या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात ज्या हिब्रू धातूमुळे याकोबाची बायको लेआ ‘नावडती’ ठरते, तोच धातू एसावाच्या द्वेषातही आहे. आणि लेआबद्दल आदल्याच वचनात म्हटले आहे ते इतकेच, की याकोबाची प्रीती तिच्यापेक्षा तिची बहीण आणि सवत राहेल हिच्यावर अधिक होती. आईबापांचा द्वेष करण्याबद्दल येशूचे जे बोल लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो, तेच मत्तय आपल्या शुभवर्तमानात ‘माझ्यापेक्षा अधिक प्रीती’ अशा शब्दांत मांडतो. नावडतीचे मीठ अळणी म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे फोडून सांगावे लागू नये.

हे मी 30 वर्षे शिकवले आणि ते चूक नाही, असे आजही ठासून सांगतो. पण एका संध्याकाळी एक बाई आली. सुजलेले मनगट तिने पदराखाली धरले होते. दुसऱ्या हाताने तिने 11वे स्तोत्र उघडले, 5व्या वचनावर बोट ठेवले आणि विचारले, ‘जुलमाची आवड असणाऱ्याचा देव खरंच द्वेष करतो का?’ तिथेही धातू तोच, म्हणून मी तिला लेआ आणि राहेल समजावली. तिने शास्त्र मिटले, पिशवीत ठेवले आणि ती पुन्हा आली नाही.

माझे हिब्रू बरोबर होते रे, पण वचन कोणाला सांगितले आहे, हे मीच बघितले नाही! मार खाणाऱ्यांसाठी लिहिलेली ओळ मी तिच्या हातून काढून घेतली. ज्या देवाची तिच्यावर प्रीती आहे, त्याला त्या उगारलेल्या हाताची चीड यायलाच हवी. ती येत नसेल तर ती प्रीती कसली? मारणाराही त्याचेच लेकरू, असे तू लगेच म्हणशील. म्हण. त्यावर ख्रिस्ताच्या वधस्तंभाखेरीज दुसरे उत्तर मला सापडलेले नाही, आणि तो घाईने पुढे करणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि एसावाला इतक्यात टाकून देऊ नकोस. उत्पत्तीच्या 33व्या अध्यायात तोच धावत येऊन भावाच्या गळ्यात पडतो, आणि त्याचे मुख पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे, असे याकोब त्याला म्हणतो.

बुधवारी ये. मलाखीचे चारही अध्याय वाचून ये, आणि प्रत्येक प्रश्न कोण विचारतो आहे, ते पेन्सिलीने समासात लिहून आण.

तुझा,
काका