मुलाचा पीआर काढण्याआधी

ताई, तुम्ही विचारलंत की सिंगापूरला येताना 11 वर्षांच्या मुलाचाही पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) काढावा का, आणि तो पुढे कॉलेजसाठी अमेरिकेला गेला तर इथली सक्तीची सैन्यसेवा, म्हणजे नॅशनल सर्व्हिस (एनएस), टळेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: टळत नाही. ती चुकवणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि तो मुलाच्या नावावर लागतो, अर्जावर सह्या आपण केलेल्या असल्या तरी.

नोकरीवर स्वतः पीआर मिळवणाऱ्या तुमच्या यजमानांना एनएस नाही. त्यांच्यामार्फत पीआर झालेल्या मुलाला मात्र आहे. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, अठराव्या वर्षी भरती, 2 वर्षं पूर्णवेळ, पुढे राखीव दलाची बोलावणी. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून सुटका होत नाही.

सगळं अठराव्या वर्षी सुरू होतं असं आम्हीही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तेराव्या वर्षापासूनच 3 महिने किंवा जास्त बाहेर राहायला एक्झिट परमिट लागतं. मुक्काम 2 वर्षांचा किंवा त्याहून जास्त असेल तर साधारणपणे बाँडही (तो परत येईल याची पैशांतली हमी) मागतात: 75,000 सिंगापूर डॉलर किंवा आईवडिलांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या निम्मे, यांतली जी रक्कम मोठी ती. आणि बारावीच्या तोडीचं शिक्षण किंवा डिप्लोमा होईपर्यंत भरती पुढे ढकलू देतात, डिग्रीसाठी नाही. म्हणजे तुमचा अमेरिकेचा बेत नेमका इथेच अडतो.

परमिटशिवाय बाहेर राहिला किंवा बोलावल्यावर हजर झाला नाही, तर एनलिस्टमेंट ॲक्टखाली 10,000 डॉलरपर्यंत दंड, 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरून मोकळं होऊ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2005 साली एका नावाजलेल्या पियानोवादकाला नुसता 3,000 डॉलर दंड झाला, त्यावर लोक खवळले आणि पुढच्याच वर्षी दंडाची मर्यादा 5,000 वरून दुप्पट झाली. 2017 मध्ये हायकोर्टाने तर शिक्षेची पट्टीच आखून दिली: 2 ते 6 वर्षं चुकवली तर 2 ते 4 महिने कैद, 17 वर्षं किंवा जास्त असेल तर 2 ते 3 वर्षं. तुरुंगातून सुटल्यावरही चाळिशीच्या आत असेल तर सेवा शिल्लकच.

वेळेवर पीआर सोडून दिला तर? तो गुन्हा नाही, पण पुढे त्याला इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं असेल तेव्हा ते आड येतं. आईवडिलांच्या पीआरच्या नूतनीकरणावरही परिणाम होऊ शकतो.

माझ्या मुलाने एनएस केली. भरतीच्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर फेरीने टेकाँग या प्रशिक्षण-तळाच्या बेटावर गेलो, तिथल्याच भोजनगृहात एका टेबलावर जेवलो, आणि परतीच्या फेरीत त्याची खुर्ची रिकामी होती. पुढे सुट्टी मिळाली की तो ओल्या कपड्यांची बॅग दाराशी टाकून बूट न काढताच जमिनीवर झोपायचा. पण त्याला सातवीतच सगळं सांगितलं होतं, त्याचा होकार घेतला होता. म्हणून त्याने ते निभावलं.

मुलाला एनएस करायची नसेल तर त्याचा पीआर मागूच नका. वडील नोकरीच्या पासवर आहेत तोवर डिपेंडंट पासवर आणि ते पीआर झाले की लाँग टर्म व्हिजिट पासवर, असं 21 पर्यंत राहू द्या. फी जास्त पडेल, सरकारी शाळेत प्रवेश कठीण जाईल, तो हिशेब आत्ताच मांडा. आणि अर्ज भरायच्या आधी त्याला शेजारी बसवून हे वाचून दाखवा.